सूचना : गाइड बांधण्याआधी एवढं बघा

सभासदहो, घरी मासेमारीचा रॉड बांधायला घेतलेल्या सगळ्यांसाठी.

गाइड म्हणजे मासेमारीची दोरी ओवायची कडी; ती रॉडला बांधणारा दोरा गुंडाळण्याआधी प्रत्येक गाइडचा पाय कानशीने घासून टोकाकडे पातळ करा, म्हणजे दोरा न अडखळता वर चढतो. मग पायाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवा. बारीकशी कड लागली तरी ती काढाच. ती कड ब्लँकला (रॉडच्या मूळ दांड्याला) ओरखडा पाडते आणि मोठा मासा लागला की रॉड नेमका तिथेच मोडतो. घाईत हेच राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

गाइड आधी नुसते चिकटपट्टीने लावा, दोरी ओवून रॉड वाकवा. दोरी ब्लँकच्या वाकाला धरून जायला हवी. कुठे कोन पडत असेल, तर गाइड सरकवा.

गुंडाळलेल्या दोऱ्यावर लावायच्या इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या लेपाचे) दोन्ही भाग वेगवेगळ्या सिरिंजने अगदी समान मोजा. अंदाजाने ओतलेलं चिकट राहतं आणि सगळं खरवडावं लागतं. लावल्यावर तीन-चार तास रॉड सावकाश फिरता ठेवा, नाहीतर थेंब खाली लोंबतात. खिडक्या उघड्या, हातात मोजे. पुढचे चोवीस तास हात लावू नका.

रॉड फिरवायला मोटर नसेल, तर गटात सांगा.