बॉटनी लॅबच्या मामांना, निवडुंगाबद्दल थँक्यू

मामा, सा. न.

तुम्ही फोनवर वाचायचा कंटाळा करता हे माहितीये, त्यामुळे हे तुमच्या मुलीलाच पाठवतोय, ती वाचून दाखवेल. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण थीसिसच्या पहिल्या पानावर सरांचे आभार असतात, मॅडमचे असतात, आईवडलांचे असतात, आणि झाडं दाबून वाळवायचा प्रेस बांधणाऱ्या, वाळलेली झाडं जाड कागदाच्या शीटवर टाके घालून बसवणाऱ्या माणसासाठी शेवटच्या ओळीत "तसेच प्रयोगशाळा कर्मचारी" एवढंच. मला काही थीसिस लिहायचा नाहीये, मी कॉमर्सवाला, पण माझं काम तुमच्यामुळे झालं हे चार लोकांना कळू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भोरकडे आमची थोडी जमीन आहे, बांधाच्या वर खडकाळ उतार आणि त्या कपारींमध्ये माणसापेक्षा उंच वाढलेलं एक मांसल काटेरी झुडूप, उन्हाळ्यात एकही पान नाही, नुसते हिरवे दांडके. दाजींच्या डोक्यात आलं की ह्याचंच कुंपण करायचं, शेळ्या तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, खर्च शून्य. घरात लहान पोरं आहेत म्हणून मला आधी कळायला हवं होतं की हे नक्की काय आहे. गावात विचारलं तर "निवडुंग हाय, त्यात काय बघायचं", आणि फोनमधलं ॲप दर फोटोला वेगळं नाव सांगणार, एकदा तर थेट मेक्सिकोचा कॅक्टस.

तर मी फोटो घेऊन डिपार्टमेंटला आलो, सर मीटिंगला गेलेले, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून फोटो बघितला न बघितल्यासारखा केला आणि म्हणालात, "फोटो ठेव बाजूला. काटे कसे निघालेत ते सांग." मला वाटलं टाळताय. पण नाही, तिथून पुढे जे प्रश्न तुम्ही विचारलेत ना मामा, तेवढे प्रश्न मला बँकेत लोन घेतानासुद्धा कोणी विचारले नव्हते.

काटे जोडीजोडीने का पुंजक्याने? पुंजक्याने असतील आणि बुडाशी लोकरीसारखी बारीक गादी असेल तर कॅक्टस. जोडीने, म्हणजे एका उंचवट्यावर दोनच काटे फाकलेले, तर आपला निवडुंग, युफोर्बिया. मग चीक. खरवडलं की पांढरं दूध लगेच ओघळतं का नुसता पाण्यासारखा रस येतो? आमच्या झाडाला दूध होतं, भरपूर. तुम्ही म्हणालात मग कॅक्टसचं नाव सोडून दे, कॅक्टस सगळे मूळचे अमेरिकेकडचे, एखादा अपवाद सोडला तर, आपल्या डोंगरात आपोआप उगवलेलं मांसल आणि काटेरी दिसलं की आधी युफोर्बिया धरून चालायचं. दोन्ही कुळं एकमेकांपासून लांबची, पण कोरड्या हवेत दोघांनीही एकच युक्ती केली, पाणी खोडात साठवलं आणि पानांचं काम हिरव्या खोडाला दिलं.

मग मी फड्या निवडुंगाचं विचारलं कारण तो तर गावोगाव दिसतो. तो परका, तो खरा कॅक्टस, असं म्हणून तुम्ही जी गोष्ट सांगितली ती मी आतापर्यंत दहा जणांना तरी ऐकवली असेल. एके काळी तो इतका माजला होता की शेतंच्या शेतं गिळली, आणि 1926 साली श्रीलंकेतून एक किडा आणून त्याच्यावर सोडला तेव्हा कुठे आटोक्यात आला. त्या आधी 1795 मध्ये लाल रंग काढण्यासाठी म्हणून चुकून भलत्याच जातीचा किडा भारतात आणला होता, त्याने रंग काही धड दिला नाही पण फड्याची एक जात मात्र फस्त केली. फड्यावर त्या किड्यांचा पांढरा कापूस दिसला की बोटाने चिरड, लाल होईल, म्हणालात. केलं. झालं लाल. शर्टालापण लागलं.

पण खरी मजा पुढे होती, कारण युफोर्बिया म्हणून काम संपत नाही, एकट्या त्या वंशात दोन हजाराच्या आसपास जाती. नाताळात कुंडीत मिळणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया त्यातलंच आणि पायवाटेवरचं दुधी नावाचं तण पण त्यातलंच, हे ऐकून माझा विश्वास बसेना. तुम्ही एकेक वगळत गेलात. काटे नाहीत आणि फांद्या पेन्सिलीसारख्या गोल असत्या तर शेर. काटे नाहीत, चौकोनी, वीतभर उंच, तर माकडशिंगी, ती तर युफोर्बियाच नाही, तिची भाजी करतात. तीन ठसठशीत पंखासारख्या धारा असत्या तर त्रिधारी. राजस्थानात थोर म्हणून असाच एक दाट झुडपाचा असतो पण त्याचा मुलूख तिकडे, राजस्थान, कच्छ. आपल्याकडे घोळ घालणारे दोघं उरतात आणि तुम्ही म्हणालात, "खोड हातात धरल्यावर गोल लागतं का कोनेरी?" पूर्ण गोल आणि काट्यांचे उंचवटे चपटे, विखुरल्यासारखे, तर युफोर्बिया निवुलिया. उंचवटे एकाखाली एक येऊन त्यांच्या पाच धारा झालेल्या आणि त्या धारा खोडाभोवती पीळ देत वर चढलेल्या, तर नेरिफोलिया, आपला वई निवडुंग.

हे फोटोत दिसत नव्हतं, हे तर माझ्या लक्षातच आलं नसतं. समोरून काढलेल्या फोटोत पीळ कुठून दिसणार.

आणि इथेच मला कळलं की तुम्ही हे सगळं शिकलात कुठून. निवडुंगाची शीट करणं हे सगळ्यात कटकटीचं काम, ब्लॉटरमध्ये, म्हणजे टिपकागदात, दाबून ठेवलं तरी मरत नाही, कागदातच कोंब काढतो, म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवायचा, उभा चिरायचा, आतला गर खरवडून काढायचा आणि मग वाळवायचा. आणि एवढं करून शीटवर जे राहतं ते म्हणजे तपकिरी चपटी पट्टी, धारा गेल्या, रंग गेला, दूध गेलं. "म्हणून जागेवरच लिहून आणायचं, नंतर काही उरत नाही." तुम्ही कपाटातून ती जुनी शीट काढून दाखवलीत, लेबलवर बारीक अक्षरात धारा, काटे, चिकाचा रंग, उंची सगळं लिहिलेलं, अक्षर कोणाचं विचारलं तर नुसते हसलात. माझं स्पष्ट मत आहे मामा, त्या डिपार्टमेंटमध्ये ते लेबल वाचता येणारे खूप असतील, लिहिता येणारे तुम्हीच.

नाव मात्र तुम्ही त्या दिवशी दिलं नाहीत, पावसाळ्यात पानं बघून ये म्हणालात. तेव्हा राग आला होता थोडा. पण जुलैत गेलो तर फांद्यांच्या टोकाला जाड गुळगुळीत पानांचे झुबके, पान बुडाशी निमुळतं आणि टोकाकडे रुंद, आणि खोडावरच्या पिळाच्या धारा मी ह्या वेळी बोटाने मोजल्या, पाच. फोन केला तर तुम्ही एवढंच म्हणालात, "मग झालं की, नेरिफोलिया."

दाजींचं कुंपण आता रस्त्याच्या बाजूला होणार आहे, घराच्या बाजूला अजिबात नाही, आणि ह्याचं सगळं श्रेय तुमच्या त्या एका धाकाला. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसायचं धूसर होतं, लगेच वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे, घरगुती काही नाही. तोडताना पूर्ण बाह्या, चष्मा, आणि हात तोंडाला लावायचा नाही. आमच्या शेजारच्या आजी ह्याच दुधाने कायकाय बरं होतं ते सांगत होत्या. क्षारसूत्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्यात, हा चीक वापरतात हे खरंय, भगंदरासाठी, दोऱ्यावर ह्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून 21 थर चढवतात, पण तो दोरा वैद्य बांधतात, आपण नाही, हे तुमचंच वाक्य मी आजींना ऐकवलं आणि त्या गप्प बसल्या, जे सहसा होत नाही.

फांद्या कापून सावलीत ठेवल्यात, कापलेली जागा सुकली की लावायच्या, तुम्ही सांगितलं तसंच. फुलं आली की लेबल लिहूनच आणतो, ती तिघातिघांच्या घोसातली पिवळट वाटी म्हणजे एक फूल नसून मधे एक मादी आणि भोवती नुसत्या एकेका पुंकेसराची नरफुलं, हे मला भिंगातून स्वतः बघायचंय, त्यामुळे भिंग तयार ठेवा. आणि मामा, ओढ्याच्या पलीकडे अजून एक आहे, बिनकाट्याचं, पेन्सिलीसारखं. मला शेर वाटतोय पण तुम्ही विचाराल ते सगळं लिहून घेतलंय, फोटो काढलेला नाही.

तुमचा,
कॉमर्सवाला