एका वेळी एकच खण

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "आवरायला काढलं की सगळं घर अंगावर येतं गं." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

आई, तू दमतेस ती उचल-ठेव करून नाही, ठरवून ठरवून. जुनं कपाट उघडलं की हातात आलेली प्रत्येक वस्तू काहीतरी विचारते. ठेवायची? कुणाला द्यायची? दुरुस्त होईल का? ही कुणी दिली होती? तासाभरात डोकं चालेनासं होतं आणि उरलेलं सगळं पुन्हा आत कोंबलं जातं. यात तुमच्या वयाचा दोष नाही, आळसाचा तर मुळीच नाही. तिशीतल्या माणसाचंही हेच होतं.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की आख्खं कपाट कधीच रिकामं करू नका. पलंगावर ढीग घातला की रात्री झोपायच्या आधी तो उचलावाच लागतो, आणि घाईत उचललेलं नीट लागत नाही. एक खण घ्या. तोही मोठा असेल तर त्याची डावी बाजू. आवरण्याचा म्हणून अख्खा दिवसही ठरवू नका. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्यानं 1980च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागावं म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावायला सुरुवात केली: 25 मिनिटं काम, मग 5 मिनिटं विश्रांती. तुम्ही 15 मिनिटांचाच गजर लावा. गजर झाला की थांबायचं, हुरूप असला तरी थांबायचं. अंगात थोडी ताकद शिल्लक असताना थांबलेलं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं.

सुरुवात औषधांच्या डब्यापासून करा. त्यात आठवणी नसतात, त्यामुळे निर्णय सोपे जातात, आणि तो आवरला नाही तर धोका खरा असतो. प्रत्येक पट्टीवरची तारीख बघा. गोळ्या कापताना तारखेची कडच आधी कापली जाते, मग उरलेल्या चार गोळ्या कधीच्या ते कुणालाच कळत नाही. अशा बिनतारखेच्या गोळ्या सरळ बाजूला काढा, आणि यापुढे पट्टी दुसऱ्या टोकाकडून कापा. डोळ्यांत घालायचे थेंब बाटली उघडल्यावर सहसा चार आठवड्यांपर्यंतच वापरायचे असतात, वरची तारीख पुढची असली तरी. म्हणून बाटली उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. डॉक्टरांनी बंद केलेल्या गोळ्या चालू गोळ्यांच्या शेजारी तर अजिबात नकोत. बाद झालेलं काही बेसिनमध्ये ओतू नका. त्याचं काय करायचं ते औषधवाल्यालाच विचारा.

बाबा, आता तुमचा कागदांचा खण. घराची कागदपत्रं, जन्माचे दाखले, विम्याचे कागद, मृत्युपत्र हे एका फायलीत, आणि ती फाइल कुठे आहे ते आम्हा दोघा भावंडांना माहीत असू दे. चालू वर्षाची बिलं दुसऱ्या फायलीत. त्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या उष्णतेनं छापलेल्या असतात, त्या हळूहळू पुसट होऊन कोऱ्या होतात. वॉरंटीची पावती असेल तर आजच तिचा फोटो काढून ठेवा. फेकायच्या कागदावर खात्याचा नंबर असेल तर आधी तो फाडा.

आणि डबे, बास्केट काही विकत आणायचं नाही अजून. तुमच्या कारखान्यात 'फाइव्ह एस'चा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचा, तक्ता भिंतीला लावलेला असायचा, आठवतं? त्यातही नको ते काढणं पहिलं आणि जागा लावणं त्यानंतरचं. आधी डबे आणले की नको असलेल्या वस्तूच त्यांत नीटनेटक्या जाऊन बसतात.

माळ्यावर तुम्ही दोघांनीही चढायचं नाही. स्टुलावर नाही, खुर्चीवर नाही, "एवढंच एक खोकं" म्हणूनही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगभरात अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत पडणं हे दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे, आणि असे जीव जाणाऱ्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त असतात. हे वाचल्यापासून मला तुमच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट सतत दिसते. तिथल्या पिशव्या, सैल वायर, सरकणारं पायपुसणं आधी हलवा. माळा मी आल्यावर काढू.

आमच्या वस्तूंबद्दल एक मनापासून सांगते. वह्या, प्रशस्तिपत्रकं, ते मोडकं माइक्रोस्कोप, यांचं काय करायचं ते ठरवण्याचं ओझं तुम्ही घेऊ नका. हाताला लागेल ते न बघता एका खोक्यात टाका, वर आमचं नाव लिहा. ते आमचं काम आहे, आम्हीच करू. तसंच तुमच्या वस्तूंचा निर्णय मात्र तुमचाच. दादा किंवा मी "टाका हो ते" म्हणालो तरी ऐकायलाच हवं असं नाही.

फोटो अगदी शेवटी. त्यांना मुळीच घाई नको. फक्त हातात येतील तेव्हा मागे नावं लिहा, मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आजीच्या शेजारी उभी असलेली ती उंच बाई कोण, हे तुम्हा दोघांशिवाय आता कुणालाच सांगता येणार नाही. फोटो पाहत बसलात आणि एकही बाजूला निघाला नाही, तरी चालेल.

द्यायचं म्हणून काढलेलं मात्र त्याच दिवशी घराबाहेर जाऊ दे. दाराशी आठवडाभर पडलेल्या पिशवीत कुणी ना कुणी डोकावतं आणि निम्म्या वस्तू परत कपाटात जातात.

रविवारी व्हिडिओ कॉल करते तेव्हा औषधांचा डबा जवळ घेऊन बसा. पट्ट्या एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरा, बारीक अक्षरातल्या तारखा मी वाचून सांगते.

तुमची,
लेक