गाडी दुसऱ्या तासाला कळते

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लांबच्या प्रवासासाठी घ्यायच्या मोटरसायकलींची तुझी यादी मिळाली. यामाहा ट्रेसर ९ जीटी, सुझुकी जीएसएक्स-एस१०००जीटी आणि बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी. तिन्ही चांगल्या, आणि स्वभावाने तीन दिशांना तोंडं असलेल्या, म्हणूनच यादी मला आवडली. पण खाली तू लिहिलंयस, "कागदावर सगळं बघून झालंय, आता फक्त एकदा चालवून बघते आणि ठरवून टाकते." त्या "फक्त एकदा"साठी हे पत्र.

पहिली दहा मिनिटं कुठलीही गाडी इंजिनाच्या जोरावर मन जिंकते. सुझुकीचंच घे. ९९९ सीसी, चार सिलिंडर, १५२ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), आणि त्या इंजिनाचं मूळ २००५ च्या जीएसएक्स-आर१००० मध्ये, म्हणजे रेसिंगच्या घराण्यात. मूठ पिळलीस की अंगावर काटा येईल. येऊ दे, त्यासाठीच तर आपण दुचाकीवर बसतो. पण तुला ही गाडी दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर कापायला हवी आहे, सामानाचे डबे लावून, अधूनमधून मागे कुणाला बसवून. त्या कामाला ती कशी आहे हे दुसऱ्या तासाला कळतं, जेव्हा इंजिनाचं कौतुक ओसरतं आणि मनगट, मान, माकडहाड बोलायला लागतात. तेवढा वेळ द्यायला कुणी तयार नसेल, तर तेच मॉडेल एक दिवस भाड्याने मिळतं का बघ. इतक्या मोठ्या खरेदीपुढे तो खर्च काहीच नाही.

जाताना तुझं स्वतःचं हेल्मेट, जॅकेट आणि लाँगला वापरतेस तेच बूट घालून जा. किल्ली हातात आली की लगेच निघू नकोस. आधी टायरची हवा बघ. तिन्ही गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लागते. टेस्ट राइडच्या गाड्या हातोहात फिरत असतात, हवेकडे कुणाचं लक्ष असेलच असं नाही. हवा कमी असली तर हँडल जड लागतं, गाडी वळायला कुरकुर करते, आणि दोष बिचाऱ्या गाडीला मिळतो. मग क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर तुझ्या हाताला लावून घे. बोटं लिव्हरवर ठेवलीस की कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यायला हवी, मनगट मोडता कामा नये. मागच्या शॉकअपचा प्रीलोडही, म्हणजे त्याची स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी तेही, तुझ्या वजनाप्रमाणे करून मागायचा. ट्रेसर जीटीवर सस्पेन्शन इलेक्ट्रॉनिक आहे, आरटीवरही ते मिळतं, त्यामुळे तिथे मोड बदलून बघ. हे केलं नाहीस, तर खूप जड माणसासाठी कडक करून ठेवलेल्या गाडीवर तू प्रत्येक खड्ड्याला उडशील आणि गाडीच कडक आहे असं समजून परत येशील.

आता उंची. ती तुझी खरी काळजी आहे हे मला माहीत आहे. कागदावर ट्रेसरची सीट ८१० मिमी, सुझुकीची ८१० आणि आरटीची ८०५. ट्रेसर आणि आरटीची सीट वर करून ८२५ पर्यंत नेता येते. आकडे बघून तिन्ही सारख्याच वाटतात, पण सीटवर बसलीस की तसं राहत नाही. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे त्यावर तुझे पाय सरळ खाली उतरतात की बाहेर फाकतात हे ठरतं, आणि तितकीच उंची असूनही एका गाडीवर पाय टेकतो, दुसरीवर फक्त चवडा. म्हणून बूट घालून दोन्ही पाय टेकव, मग बसल्या बसल्या गाडी पायांनी मागे ढकल. थोड्या चढावर तोंड करून उभी असेल तर उत्तमच.

वजनाचंही तसंच आहे. ट्रेसर २२० किलो, सुझुकी २२६, आरटी २७९. आकडा ऐकून आरटीला लगेच बाद करू नकोस. तिच्या बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात, त्यामुळे इंजिनाचं वजन खाली राहतं. भरलेली कळशी डोक्यावर घेणं आणि कमरेवर घेणं यात जो फरक असतो, तो इथे आहे. गाडी हलायला लागली की आरटी आपलं वजन विसरायला लावते. उतारावर पार्किंगमधून मागे काढताना मात्र ते वजन आठवण करून देतंच, आणि त्या क्षणी तिथे तू एकटी असशील. दोन्ही अनुभव घेतल्याशिवाय मत बनवू नकोस.

रस्त्यावर निघण्याआधी मोकळ्या जागेत पूर्ण हँडल वळवून यू-टर्न मार. क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर हलका पाय, नजर जिथे जायचंय तिथे. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही. लाँग राइडवर गाडी पडते ती बहुतेक वेळा उभी असताना किंवा चालण्याच्या वेगात, सामान लादलेलं असताना. ज्या गाडीवर हा यू-टर्न पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत सहज जमतो तिच्यावर तुझा जीव बसेल.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण टेस्ट राइडमध्ये नेमकं हेच राहून जातं. १९७६ साली बीएमडब्ल्यूने आर १०० आरएस आणली, तिचं संपूर्ण फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, इटलीतल्या पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये पारखून घडवलेलं होतं. वेगवान गाडीवर दिवसभर बसायचं तर आधी वारा आवरला पाहिजे, हा विचार तिथे इतका स्पष्ट दिसतो की मला स्पोर्ट-टूरिंगची, म्हणजे वेगवान तरी लांब पल्ल्याच्या गाड्यांची, गोष्ट तिथूनच सुरू झाली असं वाटतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शहरातल्या वेगाला जो पुढच्या काचेवरून नुसता गोंजारून जातो, तोच महामार्गावर हेल्मेट धरून हलवतो. त्यामुळे महामार्गाच्या वेगाला किमान पंधरा मिनिटं चालव. मग पायदानावर जरा उठून डोकं वर काढ, नंतर वाकून काचेच्या आड जा. वर काढल्यावर आवाज एकसारखा आणि स्वच्छ झाला, तर काचेच्या कडेवरून फुटलेला वारा बरोबर तुझ्या हेल्मेटवर आदळतोय असं समज. असा वारा तासाभरात मान दुखवतो आणि दुपारपर्यंत डोकं. आरटीची काच बटणाने वर-खाली होते, ट्रेसरची एका हाताने सरकवता येते, सुझुकीची एकाच जागी पक्की असते. तुझ्यापेक्षा उंच मैत्रिणीला आवडलेली काच तुला आवडेलच असं नाही, म्हणून यात कुणाचंही मत घेऊ नकोस, माझंसुद्धा. इअरप्लग मात्र लाव, सगळ्याच गाड्यांवर.

त्याच वेळी आरशात बघ. एका वेगाला स्थिर चालताना मागच्या गाडीचे दिवे स्पष्ट दिसतात की नुसते थरथरणारे ठिपके? आणि तळहाताला मुंग्या येतात का? चार सिलिंडरची थरथर बारीक असते. पाच मिनिटं जाणवत नाही, तासाने करंगळी बधिर होते. ट्रेसरचं ८९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन खालच्या आरपीएमलाही दमदार ओढतं, गिअर न बदलता ओव्हरटेक होतो, आणि घाटात सामानासह मला इंजिन पूर्ण पिळल्यावर मिळणाऱ्या ताकदीपेक्षा ही सवय मोलाची वाटते. वरच्या गिअरमध्ये सावकाश चालताना मूठ उघडून तिन्हींची तुलना कर.

ब्रेक मोकळ्या सरळ रस्त्यावर, टायर गरम झाल्यावर, आरशात मागे कुणी नाही हे बघून. आरटीच्या टेलिलिव्हरमुळे, म्हणजे तिच्या पुढच्या वेगळ्या धर्तीच्या सस्पेन्शनमुळे, जोरात ब्रेक लावला तरी पुढचा भाग फारसा खाली बसत नाही. पहिल्यांदा विचित्र वाटतं, पुढचं चाक काही सांगतच नाही असं, पण थोड्या वेळाने हातांना ते कळतं. ट्रेसर आणि आरटी या दोघींचं एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडी किती कलली आहे ते मोजून काम करतं, सुझुकीचं नाही. हे तंत्र २०१३ मध्ये केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचरवर बॉशने आणलं. ओल्या वळणावर अचानक समोर काहीतरी आलं तर ते तुझ्या बाजूने असावं असं मला फार वाटतं. आई म्हणून हे एक कलम मी सोडणार नाही.

सामानाचा हिशेब मॅन्युअलमध्ये करायचा. आरटीचं एकूण कमाल वजन ५०५ किलो, त्यातून तिचे २७९ वजा केले की २२६ उरतात. त्यात तू, मागे बसणारी व्यक्ती, दोघींचे कपडे-हेल्मेट आणि सगळं सामान. ऐकायला भरपूर, पण दोघी बसल्या की आकडा झपाट्याने खाली येतो. बाकीच्या दोन गाड्यांचाही असाच हिशेब करून मला पाठव. टॉपबॉक्सची, म्हणजे सीटमागच्या वरच्या डब्याची, मर्यादा वेगळी आणि अगदी कमी असते, तिथे फक्त हलकं ठेवायचं.

चेन की शाफ्ट यावर तू बराच मजकूर लिहिलास, मला त्यात एवढं वाटत नाही. यामाहा-सुझुकीला चेन आहे, ठरावीक अंतराने साफ करून तेल द्यावं लागेल, पावसात जास्त वेळा. आरटीला चेनऐवजी शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा बंद दांडा आहे, तिला ती कटकट नाही. तू हाताने काम करणारी आहेस, चेनमुळे गाडी नाकारू नकोस.

मला विचारशील तर आत्ता, न चालवता, मी ट्रेसरच्या बाजूला झुकलेली आहे. हलकी, सामान पेलणारी, आणि इंजिनाचा स्वभाव तुझ्याशी जुळणारा. पण उद्या आरटीवरून उतरून तू म्हणालीस की तासभर मानेला काही कळलंच नाही, तर मी गप्प बसेन.

आणि मागच्या सीटची चाचणी तुला एकटीला करता येणार नाही. गुडघे किती दुमडतात, धरायला हँडल हाताला येतं का, मागे वारा कसा लागतो, हे मागे बसणाऱ्यालाच कळतं. तारीख ठरली की दोन दिवस आधी कळव, मी माझं हेल्मेट घेऊन येते. तिन्ही गाड्यांवर मागे मी बसेन.

तुझी,
आई