कॉफीसोबत लावायची गाणी?

संपादक महाशय, स.न.

मागच्या रविवारी पुरवणीत पावसाळ्यात ऐकायच्या गाण्यांची यादी होती, त्यात ‘एला अँड लुई’ हा अमेरिकन जॅझ गाण्यांचा अल्बम बघून एकदम खूश झालो, पण पुढे कंसात काय लिहिलंय तर "कॉफी घेताना मागे लावून ठेवायला छान". अहो मागे कशाला? भीमसेनजींचा मारवा लावून कोणी फोनवर गप्पा मारत बसलं तर आपण त्याला हाकलून देऊ की नाही!

१६ ऑगस्ट १९५६ ला हॉलिवूडमधे एका दिवसात ही ११ गाणी रेकॉर्ड झाली. गायिका एला फिट्झजेराल्ड ३९ वर्षांची, गाणारा आणि ट्रम्पेट वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग ५५ चा. तिचा आवाज धुतलेल्या काचेसारखा आणि याचा म्हणजे वाळूत पाय घासत कोणी चाललंय असा, आणि हे दोन आवाज एकमेकांशेजारी ठेवायचे हे ज्याला सुचलं त्या नॉर्मन ग्रांझ नावाच्या निर्मात्याला माझा नमस्कार. साथीला ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, बडी रिच ड्रम्सवर, आणि बेसवर रे ब्राउन, जो तीन वर्षांपूर्वीपर्यंत एलाचा नवरा होता! घटस्फोट झाला तरी ती गातेय आणि तो मागे ठेका धरून उभा, ते ऐकताना मला दरवेळी आठवतंच, काय करू.

यातली बरीच गाणी मुळात नाटक-सिनेमातली आहेत हे यादीत यायला हवं होतं. ‘चीक टू चीक’ १९३५ च्या ‘टॉप हॅट’ सिनेमातलं, ‘एप्रिल इन पॅरिस’ १९३२ च्या ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरच्या, नाटकातलं. ती नाटकं आता कोण बघतंय, पण गाणी राहिली आणि प्रत्येक गायकाने आपापल्या परीने गायली. आपल्याकडे ‘स्वयंवर’ची पदं नाटकातून उठून मैफलीत आली, तसंच की हे. म्हणजे गाणं कोणतं हा प्रश्नच नाही, सगळ्यांना माहीतच असतं, ते आज हा कसं म्हणतो ते ऐकायचं असतं.

‘चीक टू चीक’ आधी लुई गातो, अगदी बोलल्यासारखं, शब्द थोडे मागे-पुढे करत, आणि मग पट्टी बदलते आणि एला येते तेव्हा खोलीत कोणी खिडकी उघडल्यासारखं होतं. तेच शब्द, तीच चाल. ‘मूनलाइट इन व्हरमाँट’च्या कवितेत तर यमकच नाही, पण मला ते कितीतरी वर्ष कळलंच नव्हतं, चाल आणि गाणारे मिळून कळूच देत नाहीत. आणि एला गात असताना लुईचा ट्रम्पेट मधेच हळू काहीतरी बोलून जातो, जाणकार हार्मोनियमवाला जागा भरतो ना तसं, गाण्याच्या अंगावर न येता. कॉफीचा कप खाली ठेवला त्या आवाजात हे सगळं जातं हो.

तर पुन्हा कधी यादी छापाल तेव्हा कंसातलं तेवढं वाक्य काढा, आणि जमलं तर हेडफोन लावा असं लिहा, मोबाइलच्या स्पीकरवर रे ब्राउनचा बेस ऐकूच येत नाही.

— आपला एक जुना वाचक, ठाणे