सुधीर, आधी वर्क परमिटचं बोलू

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. कंपनीनं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं, हातात बरी रक्कम ठेवली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी ब्रिटनमध्ये दुसरीकडे कुणी दारात उभं करेना, म्हणून तू आता इकडे यायचं म्हणतोस. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, जिथे जमेल तिथे. ‘खर्च कमी, यंत्रांच्या मेंटेनन्सचा अनुभव तीस वर्षांचा, तोही विलायतेतला, हातोहात घेतील’ असं लिहिलंयस. खर्चाचं तुझं बरोबर आहे. बाकीचं मला पटत नाही, आणि तू घर विकायला काढायच्या आत ते तुझ्या कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच.

थायलंडच्या पूर्व किनारपट्टीवर, रायोंग-चोनबुरीच्या पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मी इतकी वर्षं काढली. मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं. त्यामुळे तुझा बायोडेटा इथे आला तर त्याचं काय होईल ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. आमची एचआरची बाई तो उघडते आणि तुझी प्रमोशनं, बक्षिसं, सगळं ओलांडून थेट राष्ट्रीयत्वाच्या रकान्यावर जाते. कारण तिथूनच तिचा हिशेब सुरू होतो. ब्रिटिश पासपोर्टवाल्याचा नोकरीचा व्हिसा वाढवायचा तर महिना किमान ५०,००० बाथ (इथलं चलन) पगार दाखवावा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्याला हाच आकडा ३५,००० आहे. (पासपोर्ट बदलला नसतास तर कायद्याच्या लेखी पंधरा हजारांनी स्वस्त पडला असतास, बघ.) मग ती कंपनीकडे बघते: एका परदेशी माणसामागे २० लाख बाथ भांडवल आणि चार थाई कर्मचारी. सरकारच्या गुंतवणूक मंडळाची सवलत असलेल्या कंपन्यांना या अटी लागत नाहीत, पण छोट्या कारखान्यात तुझ्या एका खुर्चीसाठी एवढा पसारा दाखवावा लागतो.

हे सगळं जमलं तरी शेवटी ती पेन खाली ठेवून माझ्याकडे बघते आणि हळूच विचारते, हा माणूस इकडे का येतोय? तिच्या मनात दोनच उत्तरं असतात. एक तर तिकडून काढून टाकलाय, नाहीतर समुद्रकिनारा बघायला येतोय आणि सहा महिन्यांत जाईल. तू म्हणशील, हा अन्याय आहे. असेल. पण तेवढ्या पगारात तिला आठ-दहा वर्षं काम केलेला थाई इंजिनिअर मिळतो. तो लाइनवरच्या पोरांशी त्यांच्या भाषेत बोलतो, रात्री दोनला फोन केला तर पाऊण तासात गेटवर हजर असतो, आणि त्याच्यासाठी एकही फॉर्म भरावा लागत नाही.

आपल्याला उगाच वाटतं की गरीब देशाला आपली गरज असते. अशा देशांत टंचाई नोकऱ्यांची असते, माणसांची नसते. दरवर्षी कॉलेजातून पोरं बाहेर पडतात, त्यांना काम हवं असतं, आणि सरकारं कायदे करतात ते त्यांच्याकडे बघून. थायलंडमध्ये जवळपास चाळीस कामांची यादीच आहे, जी परदेशी माणसानं करायचीच नाहीत किंवा अटींवरच करायची. केस कापण्यापासून टुरिस्ट गाइडपर्यंत. फिलिपाइन्सनं तर १९८७ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलंय की परवान्याचे व्यवसाय फक्त नागरिकांनी करायचे, कायद्यानं दिलेले अपवाद सोडून. मेक्सिकोत कंपनीतले किमान नव्वद टक्के लोक मेक्सिकन असावे लागतात. इंडोनेशियाची पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते: परदेशी तज्ज्ञ घेतला की त्याच्या जोडीला एक स्थानिक माणूस नेमायचा आणि तज्ज्ञानं त्याला शिकवायचं. तुझी जागा घेणारा पहिल्या दिवसापासून तुझ्या शेजारी बसलेला असतो. शिवाय कंपनीनं तुझ्यापायी सरकारला दरमहा १०० डॉलर भरायचे. व्हिएतनाममध्ये वर्क परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं, डिग्री शिक्कामोर्तब करून आणावी लागते, आणि निवृत्त लोकांसाठी वेगळा व्हिसाच नाही.

तू निवृत्तीच्या व्हिसाचं विचारलंयस. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर तो मिळतो. बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवायचं. पण त्यावर काम करायला साफ मनाई आहे, आणि ओळखीच्या शाळेत फुकट शिकवलं तरी ते कामच धरतात. ‘आधी त्या व्हिसावर येतो, मग हळूच काहीतरी बघतो’ हा जो तुझा बेत आहे, तो डोक्यातून काढ. सापडलास तर दंड आणि परत पाठवणी.

इंग्रजी शिकवण्याचं मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. तुझा पासपोर्ट ब्रिटिश, म्हणजे कागदावर तू बसतोस. पण बऱ्याच शाळांना कागदाइतकाच चेहरा लागतो, आणि पालकांना दाखवायला गोरा मास्तर हवा असतो. हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही. मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलवर पहिल्या मिनिटात कळतं. मग वय. चीनमध्ये वर्क परमिटला साठ ही साधारण मर्यादा धरतात. थायलंडमध्ये तशी कायदेशीर मर्यादा नाही, पण साठीनंतर नवा माणूस घ्यायला अनेक शाळा राजी नसतात. आणि खरं सांगू? नववीच्या चाळीस पोरांसमोर उभं राहण्याचा तुझा पिंड नाही. आपल्या ट्रेनींना शिकवताना तुझा आवाज कुठवर चढायचा ते मी ऐकलंय.

आता मुद्द्याचं. माझ्या डोळ्यांसमोर एक उदाहरण आहे. आम्हाला माल पुरवणाऱ्या एका कारखान्यानं युरोपातून पत्रा दाबून आकार देणारा एक जुना प्रेस विकत घेतला. कंटेनर आले, प्रेस उभा राहिला, आणि चालेना. रिले लॉजिकचं, म्हणजे विजेच्या छोट्या स्विचांच्या जोडणीवर चालणारं कंट्रोल पॅनेल, जर्मन भाषेतली ड्रॉइंग्ज, त्यावर कुणीतरी पेन्सिलीनं केलेले बदल. इथले इंजिनिअर हुशार, पण ते पीएलसीवर, म्हणजे प्रोग्रॅम घालून चालणाऱ्या कंट्रोलवर वाढलेले. त्यांनी असा रिले आयुष्यात पाहिलेला नव्हता. नवीन कंट्रोल बसवायचा खर्च प्रेसच्या किमतीच्या जवळ जात होता. शेवटी ज्या दलालानं प्रेस विकला त्यानं एक जर्मन म्हातारा पाठवला, सत्तरीला टेकलेला. पहिल्या सकाळी त्यानं काहीच केलं नाही. खुर्ची मागवली, पॅनेलचं दार उघडं ठेवून बसला आणि एका पोराला सायकलचं बटण पुन्हा पुन्हा दाबायला लावलं. रिलेंचा कटकट आवाज ऐकत होता. जेवणाच्या सुट्टीआधी उठला, तिसऱ्या ओळीतला एक रिले काढला, त्याचे कॉन्टॅक्ट घासले, परत बसवला. प्रेस खाली आला. पुढचे दिवस तो तिथेच होता, पण हात लावत नव्हता. पोरांकडून ड्रॉइंग वाचून घ्यायचा, चुकलं की नुसती मान हलवायचा. अशा तातडीच्या कामाला इथे पूर्ण वर्क परमिट लागत नाही. पंधरा दिवसांपर्यंत नुसती सूचना द्यावी लागते. त्याला मिळालेले पैसे मला कळले तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या पगाराशी भागाकार केला आणि गप्प बसलो.

हे मी का सांगतोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. श्रीमंत देशांतले कारखाने बंद होतात तेव्हा त्यांची सगळीच यंत्रं भंगारात जात नाहीत, बरीचशी आमच्यासारख्या देशांत येतात. आणि त्यांच्याबरोबर ती चालवणारा माणूस सहसा येत नाही. तुमच्या डिपार्टमेंटची यंत्रं आत्ता कुठे जातायत, ते तू शोधलंस का? लिलाव कोण करतंय? घेणारा कोण? जुन्या यंत्रांचे दलाल खरेदीदाराला ‘चालू करून देऊ’ असं सांगतात आणि मग माणसं शोधत फिरतात. तीस वर्षांचा अनुभव ही इथे कुणाला न कळणारी गोष्ट आहे. अमुक मेकचा, अमुक टनेजचा, अमुक साली बनलेला प्रेस मी उघडून परत बसवलाय, हे मात्र कळतं आणि त्याला भाव आहे. त्यात पंचावन्नच्या पुढचं वय आड येत नाही. उलट चाळिशीतला माणूस आला तर त्यांना शंका येते की यानं हे यंत्र पाहिलं तरी कधी?

दुसरा रस्ता स्वतःहून जाण्यापेक्षा पाठवलं जाण्याचा. तुमच्याच धंद्यातली एखादी कंपनी इकडे लाइन हलवत असेल तर सहा महिने किंवा वर्षभराच्या करारावर ती तुला पाठवते, पगार तिकडचा, परमिटची कटकट तिची. आणि पैशाची ओढ नसेल तर जर्मनीतल्या एसईएससारख्या संस्था आहेत. एसईएस १९८३ पासून निवृत्त तज्ज्ञांना काही आठवडे ते काही महिने बाहेर पाठवते, नेदरलँड्सची पीयूएम १९७८ पासून. तुमच्याकडे स्वयंसेवक पाठवणारी व्हीएसओ आहे, पण तिथे भत्ता स्थानिक राहणीपुरता असतो. ही कमाई नव्हे. तुला एकदा येऊन देश आतून बघायचा असेल तर मात्र चांगली सोय आहे.

तिकडचंच काम ऑनलाइन करत इथे राहायचं, तर त्यासाठी थायलंडनं २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा काढलाय. प्रत्येक वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बाथ दाखवायचे, आणि थाई कंपनीकडे काम करायचं नाही. मेंटेनन्सच्या माणसाला ऑनलाइन किती काम मिळेल, ते तूच ठरव. तुझ्या धाकटीला बरा उपयोग होईल त्याचा.

स्वतःची कन्सल्टन्सी काढायचं म्हणशील तर घाई नको. १९९९ च्या कायद्यानं इथे बहुतेक सेवा-व्यवसायांत परदेशी माणसाला निम्म्याहून कमी हिस्सा ठेवावा लागतो. मग ‘नावापुरते’ थाई भागीदार मिळवून देणारे वकील भेटतात. ते बेकायदेशीर आहे, आणि भांडण झालं की कागदावरचा भागीदार खरा मालक निघतो.

पेन्शनचं तुला कुणी सांगितलंय का? तुझी स्टेट पेन्शन ६७ व्या वर्षी सुरू होणार. थायलंडला राहिलास तर ती सुरू होते त्या रकमेवर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. फिलिपाइन्समध्ये राहणाऱ्याला मिळते, कारण त्यांचा ब्रिटनशी करार आहे. वीस वर्षं जगलास तर हा फरक छोटा नाही. पूर्ण पेन्शनला साधारण ३५ वर्षांचा नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जातो तो) लागतो. तुझी किती भरतात ते निघायच्या आधी बघ, आणि कमी असतील तर भरून टाक. तिकडचं राहणं सोडलंस की एनएचएसचा, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा हक्कही जातो. इथे साठीच्या आत नोकरीला लागलास तर सामाजिक सुरक्षा योजनेत नाव लागतं, साठ उलटल्यावर नव्यानं लागत नाही. मग खासगी विमा, आणि तुझी शुगर पाहता तो काय भाव सांगेल ते आधी विचारून घे. मला वाटतं या सगळ्यात हाच आकडा तुझा निर्णय फिरवेल.

म्हणून हिशेब असा मांड: सत्तावन्न ते सदुसष्ट, दहा वर्षं. यात पगार शून्य धरला तर भागतं का? खासगी पेन्शन, मिळालेली रक्कम आणि घराचं भाडं मिळून भागत असेल तर ये, आणि यंत्रांची कामं मिळतील ती करत राहा. भागत नसेल तर इकडे नोकरी लागेल या भरवशावर येऊ नकोस. इथे मी अशी दोन-तीन माणसं पाहिलीत जी परतीच्या तिकिटालाही महाग झाली होती. त्यांना ना इकडे परमिट, ना तिकडे घर.

वहिनींचं काय मत आहे, ते पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारलंस ना?

तुला एक काम देतो. आतापर्यंत ज्या ज्या यंत्रांवर हात चालवलास त्यांची यादी कर: मेक, मॉडेल, साल, कंट्रोल कुठला, आणि तू त्यात नक्की काय दुरुस्त केलंस. प्रमोशनं लिहू नकोस. ती मला पाठव. आमच्या इथल्या दोन दलालांना मी ओळखतो, त्यांच्यापुढे टाकतो आणि ते काय म्हणतात ते कळवतो. तोवर घर विकू नकोस, भाड्यानं द्यायचं काय येईल तेवढं बघून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश