तान्ह्या पोळ्यात रंगवणाऱ्यालाही बक्षीस द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र होतं. चाळिशी उलटलेले बाप्येसुद्धा आजकाल प्लॅस्टिकचे शिपाई रंगवत बसतात, हे परदेशी थेर आहेत, पैशाचा माज आणि वेळेची नासाडी, असं काहीसं. काकांनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं पण चहा पिताना बायकोनं ते मोठ्यानं वाचलं आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाह्यलं. म्हणून हे लिहून राहिलो. काकांशी भांडायचं नाई, त्यांचं अर्धं खरंच आहे (वेळ जातो, भयंकर जातो), पण उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलायचं आहे आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, ते तान्ह्या पोळ्याचं आहे, तिथपर्यंत कृपया वाचा.

मी बँकेत आहे, वय 47, डोळ्यावर चष्मा. रात्री जेवणं आटोपली की डायनिंग टेबलचा खिडकीकडचा कोपरा माझा. तिथे मी 1/72 मापाचे शिपाई रंगवतो, म्हणजे खरा माणूस 72 पट लहान केला तर जेवढा होईल तेवढा, सव्वादोन-अडीच सेंटिमीटर. मग रविवारी मी आणि माझा पोट्टा टेबलावर हिरवी चादर टाकून, खाली पुस्तकं ठेवून टेकड्या करून लढाई खेळतो, टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, किती मेले ते बघायचं. पोरखेळ आहे म्हणाल तर आहे. पण हाच पोरखेळ प्रशियामध्ये, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्यात, राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी बनवला होता, बापानं 1812 च्या सुमारास राजासाठी टेबल करून दिला आणि लेकानं 1824 मध्ये सुधारलेले नियम छापले, ते तिथल्या सैन्यानं आपल्या अफसरांना शिकवायला घेतले. आणि परदेशी कायचं बे, आपला चतुरंग काय होता मग, हत्ती, घोडे, रथ, पायदळच ना.

पैशाचं मात्र काकांचं बरोबर आहे. या छंदातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे वॉरहॅमर, असाच शिपाई रंगवून खेळायचा खेळ, 1983 पासूनचा, नॉटिंगहॅमच्या कंपनीचा, त्याचा एक डबा घ्यायचा तर माझ्यासारख्याला दोनदा विचार करावा लागतो. त्यात 2020 च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. गंमत अशी की त्याच 2020 च्या सरकारी क्वालिटीच्या आदेशात खेळणं म्हणजे काय, तर 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. मी 47 चा. असो. आम्ही स्वस्तातले मऊ प्लॅस्टिकचे शिपाई घेतो आणि बाकी सगळं इथलंच, सीताबर्डीच्या बाजारातून कॅम्लिनचे ॲक्रेलिक रंग, पागोटं बनवायला एम-सील, पायाखालची माती चिकटवायला फेव्हिकॉल आणि माती आपल्याच अंगणातली, चाळून.

आता रंगवण्याचं. लोकांना वाटते की बारीक काम म्हणजे बारीक ब्रश, म्हणून नवा माणूस जाऊन तीन शून्याचा ब्रश आणतो, मीपण आणला होता. तो चुकीचा आहे. त्या ब्रशमध्ये रंग मावतच नाई, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर बाटलीपासून शिपायाच्या नाकापर्यंत जाईस्तोवर तो वाळून जाते. एक नंबरचा ब्रश घ्यावा, फक्त त्याचं टोक सुईसारखं पाह्यजे, पोटात रंग धरतो आणि टोकानं बारीक रेघ देतो. आणि रंग पातळ करायचा, दुधासारखा, एका घट्ट हातापेक्षा पातळ दोन हात बरे. घट्ट रंग लावला की शिपायाच्या कोटाच्या घड्या, बटणं सगळं बुजून जाते आणि तो लाल मेणबत्तीसारखा दिसते. माझे पहिले दहा असेच मेणबत्त्या आहेत, फेकले नाईत, शोकेसमध्ये मागच्या रांगेत उभे आहेत.

रंग वाळू नये म्हणून ओली पॅलेट करतात, विकत फार महाग मिळते. मी पोट्ट्याच्या जुन्या टिफिनमध्ये भांडी घासायचा नवा स्पंज कापून बसवला, पाणी घातलं, वर बटर पेपर. झाकण लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीपण रंग ओला असते. मे महिन्यात कूलर मात्र बंद ठेवावा लागते कारण त्याचा वारा थेट टेबलावर आला की रंग ब्रशवरच कडक होते. बनियनवर बसून, पंखापण एकवर, घाम टिपत रंगवायचं, आणि एकदा कपाळाचा थेंब नेमका ताज्या रंगवलेल्या सरदाराच्या मिशीवर पडला, मिशी पार छातीपर्यंत गेली.

मिशी तर एकच गेली, त्याच्या आधी मी चोवीस शिपाई एका दुपारी घालवले होते. रंगाच्या आधी प्रायमर मारावा लागते, नाई तर प्लॅस्टिकवर रंग धरत नाई, आणि मऊ प्लॅस्टिकवर तर नखानंही सोलून निघते. मी स्प्रे आणला, गच्चीवर गेलो, दुपारचे दोन, पारा 45 च्या वर. त्या उन्हात स्प्रेचे थेंब शिपायापर्यंत पोहोचायच्या आधी हवेतच वाळले आणि त्यांच्या अंगावर कोरडी भुकटी बसली, चोवीसच्या चोवीस जण रव्यात घोळल्यासारखे. नाकडोळे गायब. आधी वाटलं स्प्रे खराब निघाला, दुकानदाराशी भांडूनही आलो, मग कळलं चूक माझीच होती. आता उन्हाळ्यात स्प्रे पहाटे साडेपाचला, आणि पावसाळ्यात मारायचाच नाई, दमट हवेत वरचं वॉर्निश दुधाळ होते, तेव्हा ब्रशनंच लावतो. आणि त्याच्याही आधी सगळे शिपाई भांड्याच्या साबणानं धुवायचे, साच्यातून सुटावे म्हणून लावलेलं काहीतरी तेलकट त्यांच्यावर राह्यलेलं असते. बायको म्हणते घरातली भांडी धुवायला कधी एवढी तळमळ पाह्यली नाई.

पण मला खरं शिकवलं ते आपल्या महाल भागातल्या चितार ओळीनं. गणपतीच्या आधी तिथून गेलात तर पाहा, गल्लीभर मूर्ती, माती आणि रंगाचा वास, आणि एखादा कारागीर डोळ्यांची आखणी करून राहिला असते. मी अर्धा तास एकाच्या दुकानासमोर उभा होतो, काही घ्यायचं नव्हतं. तो माणूस ब्रश धरते पण हात हवेत नाई धरत. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवते, श्वास थांबवते आणि मग वरच्या पापणीची रेघ एकाच ओढीत, आतून बाहेर. आधी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या रेघा, मग दोन्ही खालच्या, मग दोन्ही बुबुळं, एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जात नाई, तसं केलं तर दुसरा पहिल्याशी जुळत नाई म्हणाला. मी घरी येऊन तेच केलं. शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवला, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली, कोपरं टेबलावर. डोळा मिलिमीटरपेक्षाही लहान असते, तिथे मी आधी काळपट रेघ देतो, तिच्यावर मळकट पांढरे दोन ठिपके आणि मधे काळा ठिपका. शुभ्र पांढरा वापरला की गडी भूत पाह्यल्यासारखा बघते. जमलं नाई तर डोळे काढूच नका, भुवईखाली नुसती सावली द्या, हातभर अंतरावरून डोळेच वाटतात.

सावलीसाठी पातळ गडद तपकिरी पाणी सगळ्या अंगावर सोडायचं, ते आपोआप घड्यांमध्ये जाऊन बसते, आणि वाळल्यावर उंचवट्यांवर फिका रंग, तोही ब्रश जुन्या बनियनला पुसून पुसून, जवळजवळ काहीच राह्यलं नाई वाटलं की मग. कातडीचा रंग तयार बाटलीतला घेऊ नका, तो गोऱ्या साहेबाचा असते. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पिवळ्या मातीचा रंग आणि निळ्याचा एक कण, तेव्हा कुठे आपल्याकडचा माणूस होते.

आपल्याकडचा माणूस हवा होता कारण मी सध्या सीताबर्डीची लढाई करून राहिलो, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817, नागपूरचे आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज. रोज त्या किल्ल्याखालून ऑफिसला जातो पण लढाईचं मला शाळेतलं एक वाक्य सोडून काही माहीत नव्हतं. मोठी टेकडी आणि छोटी टेकडी, संध्याकाळी सुरू झाली ती रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. छोटी टेकडी भोसल्यांच्या चाकरीतल्या अरबांनी सकाळी जिंकलीसुद्धा होती, पण कॅप्टन फिट्झगेराल्डच्या बंगाल घोडदळानं खाली हल्ला चढवला आणि पारडं फिरलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनं लढणारे बहुतेक मद्रासचे देशी शिपाई होते, लाल कोटातले, त्यांना रंगवताना मला हे पहिल्यांदा नीट जाणवलं की टेकडीवर कोण उभं होतं आणि खालून कोण चढून राह्यलं होतं. हे नेमके शिपाई मला तयार मिळाले नाईत, म्हणून नेपोलियनच्या काळातल्या युरोपियन शिपायांच्या टोप्या ब्लेडनं उडवून एम-सीलची पागोटी बांधली, अरबांच्या तोडेदार बंदुका लांब करायला झाडूची काडी लावली. पागोट्याचा पीळ टूथपिकनं द्यायचा, एम-सील कडक व्हायच्या आत, म्हणजे एका वेळी तीन किंवा चारच. किल्ला लोकांना मोजके दिवसच उघडतो, 26 जानेवारीला पोट्ट्याला घेऊन गेलो, त्यानं वरून पाहून सांगितलं की बाबा आपल्या टेबलावर छोटी टेकडी फार लांब ठेवलीय. बरोबर होतं, दोन पुस्तकं सरकवली. आमच्या घरी आप्पासाहेब आतापर्यंत दोनदा जिंकलेत, एकदा तर निव्वळ फाशांच्या जोरावर.

आता मागणं. तान्हा पोळा आपला, विदर्भाचा, बाहेरच्या लोकांना सांगावं लागते की मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल सजवून मिरवतात. त्याच दिवशी तिकडे इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, आणि इकडे गल्लोगल्ली लेकरं दोरीनं बैल ओढत. गेल्या वर्षी आमच्या ले-आऊटमधल्या स्पर्धेला मी होतो. पहिलं बक्षीस गेलं चार फुटी बैलाला, तो टेम्पोतून आला होता, झुलीवर लाइटिंग होतं, पोट्ट्याचा हात त्याच्या पाठीपर्यंत पोहोचत नव्हता. रांगेत शेवटी तिसरीतली एक मुलगी होती, तिचा बैल वीतभर. तिनं स्वतः रंगवला होता, हे दिसतच होतं, एक शिंग निळं आणि एक जांभळं कारण निळा संपला, पण डोळे! तिनं डोळ्याच्या खाली बारीक पिवळी रेघ दिली होती, का म्हणून विचारलं तर म्हणाली आमच्या आजोबांच्या गावच्या बैलाला ऊन लागलं की तसं चमकते. मला हे समजायला तीन वर्षं आणि चोवीस शिपाई लागले हो. तिला एक पेन्सिल मिळाली, सगळ्यांना मिळाली तशी.

तुम्ही दरवर्षी तान्ह्या पोळ्याचे पानभर फोटो छापता. यंदा त्यात एक चौकट फक्त लेकरांनी स्वतः रंगवलेल्या बैलांची ठेवा आणि सगळ्या मंडळांना आवाहन करा की त्याचं वेगळं बक्षीस असू द्या. बैल केवढा ते बघू नका. परीक्षकानं लेकराला एकच प्रश्न विचारावा, हा रंग कसा केला? विकतचा असेल तर उत्तर येणार नाई.

आणि आमच्या ले-आऊटमधल्या किंवा आसपासच्या लेकरांसाठी पोळ्याच्या आधीचे दोन रविवार मी मोकळा आहे, सकाळी आठ ते दहा, पैसे नाई. येताना कोरा बैल आणा, कारखान्यातून ऑइलपेंट फासलेला आणला तर आधी पॉलिश पेपरनं घासण्यातच पहिला रविवार जाईल. जुनं बनियन आणा. ब्रश माझे, पण टोक तोंडात घालून ओलं करायचं नाई, ही सवय मला आहे आणि त्यावरून रोज ऐकून घेतो. पत्र लिहिणाऱ्या काकांनाही बोलावणं आहे, त्यांचा हात स्थिर असेल तर शिंगं त्यांच्याकडे.

आपला,
एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

(नाव पत्ता तुमच्याकडे दिला आहे, छापू नका, बँकेतले पोट्टे आधीच सेनापती म्हणून राहिले.)