आराम करा, पण कुठे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण नुसतं अभिनंदन कळवून भागण्यासारखं नव्हतं. मोफत दवाखान्यासाठी जागा मिळाली, आठवड्यातून तीन दिवस तपासणी, औषधं विनामूल्य, आणि मागच्या मोठ्या खोलीत औषधांचा साठा. वाचून खूप बरं वाटलं. पण त्या मागच्या खोलीपाशी मी अडकलो तो अडकलोच. माझं ऐक, तिथे कपाटं लावू नकोस. खाटा टाक.

हे मी हवेत बोलत नाही. तुला ठाऊक आहे, गेली तीन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मी बेघरांच्या निवाऱ्यात जातो. आमच्याकडे एक सिस्टर आहेत, त्यांच्या हाताखाली मी लोकांचे पाय धुतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच शिकवलं: पाणी कोपराने बघायचं, कारण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. जखम असेल तर पाय भिजत ठेवायचे नाहीत, हलकेच धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. आणि घाई करायची नाही.

दोन महिन्यांपूर्वी एक काका आले. दवाखान्यातून सुटून चार दिवस झाले होते. डाव्या पायाला पट्टी, त्यावर मोजा, आणि मोजा पट्टीला, पट्टी जखमेला चिकटलेली. सिस्टर सलाईनचे थेंब सोडत होत्या आणि मी मोजा केसभर केसभर सोडवत होतो. अर्धा तास लागला. काका हूं की चूं करत नव्हते, फक्त पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरून बसले होते. पिंडरीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा, इतकी सूज. बाकावर बसून झोपणाऱ्या माणसाचे पाय असेच होतात. रात्रभर खाली लोंबकळलेले, त्यात पाणी उतरतं, कातडी ताणून फाटते आणि मग जंतूंना दार उघडं.

पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये नीट घडी करून ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं, ‘पूर्ण विश्रांती. झोपताना पाय उंचावर ठेवणे. ड्रेसिंग कोरडे ठेवणे.’ मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी शांतपणे विचारलं, “उंचावर म्हणजे कशावर?”

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

गोळ्या मात्र त्यांच्याकडे होत्या, सगळ्या फुकट मिळालेल्या. दोन पाकिटं निम्मी संपलेली, तिसरं जसंच्या तसं. ती लघवीची गोळी होती, सूज उतरण्यासाठी दिलेली. का घेतली नाही विचारलं, तर म्हणाले, “ती घेतली की सारखं उठावं लागतं. रात्री जायचं कुठे? आणि उठलो की जागा गेली, पिशवी गेली.” अशा माणसाबद्दल केसपेपरवर ‘रुग्ण औषधे नियमित घेत नाही’ असा शेरा पडतो. काकांचं गणित अगदी बरोबर होतं. चुकलं ते आपलं, औषध देऊन आपण मोकळे झालो.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. इन्सुलिनची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते आणि उघडलेलीही ऊन लागू न देता साधारण महिनाभरात संपवायची असते. ती कुठे ठेवणार? क्षयाचे उपचार सहसा सहा महिने चालतात, आणि ज्याला दर पंधरा दिवसांनी हुसकावून लावतात त्याला सहा महिने शोधायचं कुठे? चष्मा, दातांची कवळी, केसपेपर, सगळं एका पिशवीत. पिशवी चोरीला गेली की उपचार पहिल्यापासून सुरू. आमच्यासारखे रात्रनिवारे सकाळी बंद होतात. टाके घातलेला माणूसही उजाडलं की बाहेर. हे मला आजही लाजिरवाणं वाटतं.

यावर उपाय नाही असं नाही. बॉस्टनमध्ये 1985 साली बेघरांसाठी आरोग्यसेवा सुरू झाली. डॉ. जिम ओकॉनेल हे तरुण डॉक्टर एका वर्षासाठी म्हणून तिथे गेले. निवाऱ्यात बार्बरा मॅकिनिस नावाच्या नर्स होत्या. त्यांनी डॉक्टरांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि पाय धुवायला बसवलं. पायाशी बसलेल्या माणसाशी लोक हळूहळू बोलू लागतात, हे त्या नर्सना माहीत होतं. डॉक्टर पुढे दशकानुदशकं तिथेच राहिले. पण मला तुला सांगायचंय ते पुढचं. इस्पितळात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर बरा होणार नाही, अशा माणसासाठी त्यांनी अगदी सुरुवातीपासून खाटा ठेवल्या. आधी 25 होत्या, आज 104 आहेत, आणि त्या वास्तूला बार्बरा मॅकिनिस यांचंच नाव दिलंय. तिथल्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की इस्पितळातून अशा ठिकाणी गेलेल्यांना पुढच्या नव्वद दिवसांत पुन्हा भरती करण्याची वेळ बरीच कमी येते.

तू म्हणशील, आपली ऐपत ती काय? मी 104 कुठे मागतोय? चार खाटा टाक. दिवसाही पडून राहता येईल, शेजारी संडास असेल, पिशवी ठेवायला कुलपाचा एक खण, आणि एक छोटा फ्रीज. त्या जागेत याहून जास्त काही लागत नाही. औषधांचं कपाट पुढच्या खोलीतही मावेल. एखादी तपासणी कमी कर, पण खाटा ठेव. आणि कृपा करून दारात ओळखपत्र मागू नका. ज्याची पिशवी गेली त्याचं ओळखपत्रही गेलेलं असतं.

दुसरी शंका तुझ्या मनात येणारच: बरा झाल्यावर माणूस गेला नाही तर? खरंय, हा प्रश्न कठीण आहे. चार खाटांनी कोणाला घर मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी बेघरांसाठी आधी घर आणि मग उपचार असा क्रम लावला. व्यसन सोडण्याची, औषध घेण्याची अट न घालता घराची किल्ली दिली, आणि बहुतेक लोक त्या घरात टिकून राहिले. तेवढं आपल्या हातात आज नाही. पण टाके सुकेपर्यंतचे पंधरा दिवस तर आपल्या हातात आहेत. त्यांवरही आपण पाणी सोडायचं का?

काकांचं पुढे काय झालं, हे तू विचारशीलच. आम्ही व्यवस्थापकांच्या हातापाया पडून त्यांना बारा दिवस भांडारघरात, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये ठेवून घेतलं. पायाखाली दोन गठ्ठे. चौथ्या दिवसापासून त्यांनी ती तिसरी गोळी स्वतःहून घ्यायला सुरुवात केली. आठव्या दिवशी घोट्याचं हाड दिसू लागलं. ते स्वतःच बोट दाबून मला दाखवत होते, खळगा पडत नाही म्हणून. तेराव्या दिवशी ते गेले. त्यानंतर दोन गुरुवार येऊन पाय दाखवून गेले, मागच्या गुरुवारी आले नाहीत. मी रात्री साडेदहापर्यंत वाट पाहिली.

कपाटांची ऑर्डर द्यायच्या आधी एकदा इकडे ये. गुरुवारी सहापर्यंत पोच. गुडघ्यांवर बसावं लागतं, तेव्हा जुनी पँट घालून ये. टब आहेत आमच्याकडे, मऊ टॉवेल कमी पडतात, ते जमतील तितके आण.

तुझाच मित्र